काळ्या ओघळांचं फुलपाखरू

घड्याळजीचं तोंड म्हणजे निखारा. गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत तो खेकसायचा, "आपटलंस ना? खोटं बोलू नकोस, काच सांगतेय." गल्ली त्याला टाळायची, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याचा जीव दुकानामागच्या पडीक जागेत. तिथल्या रानफुलांवर येणाऱ्या फुलपाखरांत एखादं वेगळ्या रंगाचं निघतं का, हे तो डोळ्यांत तेल घालून बघे. फिकं दिसलं की आधी पंखाची कड बघायची. कड फाटकी, तर ते नुसतं म्हातारं, उन्हानं विटलेलं. कड कोरी, तर रंग जन्माचा. फुलपाखरं बघणाऱ्यांच्या मंडळात त्याचा शब्द शेवटचा होता.

त्या शब्दाची माती केली मेहुण्यानं. मेहुणा पाट्या रंगवणारा, हात बारीक. त्यानं एका पांढऱ्या फुलपाखरावर निळे ठिपके काढून सोडलं आणि घड्याळजीनं ते छाती पुढे काढून मंडळाला दाखवलं. मंडळ चालवणाऱ्या बाईंनी ओला कापूस फिरवला, तर कापूस निळा! सगळे पोट धरून हसले. वर मेहुणा म्हणतो, "भावोजी, खाली सही करायची राहिली हो माझी!" तेव्हापासून मंडळात घड्याळजीला कुणी विचारेना. आता एक खरं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं, एवढा एकच ध्यास त्याला उरला.

आणि ते आलं. केशरी पंख, पण ठिपक्यांच्या जागी काळे ओघळ, जणू ओली शाई कुणी फुंकरीनं पसरवली होती. कड कोरी करकरीत. घड्याळजीनं ते अलगद काचेच्या झाकणाखाली ठेवलं. बाईंना निरोप धाडायला उठला, आणि पुन्हा खाली बसला. ओघळ तर पाटीवरच्या रंगालाही येतात.

"ह्या खेपेला तेलरंग वापरला असणार मेल्यानं," तो पुटपुटला.

तेलरंग पाण्यानं निघत नाही. घड्याळाची चाकं धुवायच्या पेट्रोलात त्यानं ब्रश बुडवला आणि पंखावरून फिरवला. पंख काचेसारखा पारदर्शक झाला. ब्रश भिंगाखाली धरला, तर तेलरंगाचा टिपूस नाही. नुसती पंखावरच्या खवल्यांची भुकटी, काळी आणि केशरी; जन्माचा रंग त्या खवल्यांतच असतो. फुलपाखरानं पाय आखडून घेतले.

तेवढ्यात बायको आली, मागोमाग तिचा भाऊ.

"अहो, मेलं की काय हे?"

"ह्याला विचार. पुन्हा रंगवून सोडलं तुझ्या भावानं."

"मी? आईशपथ भावोजी, ह्या वेळी मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग हे काय आहे?" काळवंडलेला ब्रश घड्याळजीनं त्याच्या नाकाशी नेला. "चालता हो. पुन्हा दारात दिसलास तर तंगडं मोडीन."

बायको भावाकडे वळली. "एकदा झाली ती मस्करी. पुन्हा कशाला रे? लाज नाही वाटली?"

मेहुणा शपथांवर शपथा घेत रस्त्यावर उतरला. समोरचा पानवाला हसला, शेजारीण हसली. त्याच्या शपथेवर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं.

बायकोनं दार लोटलं. "अहो, पण भिंगातून नीट बघितलंत ना?"

"बघितलं," घड्याळजी ब्रश धुता धुता म्हणाला. "रंगच होता."