कोडी कुणाच्या घरून?

कुंभकोणमच्या मेलकावेरीत विशालाक्षीचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली, एक शिवणयंत्र आणि भिंतीला लावलेल्या दोन दांड्या. साडीला फॉल लावणं, पिको करणं, पदराला गोंडे बांधणं, एवढंच काम ती करते. ब्लाउज शिवत नाही. मापावरून लोक भांडतात, असं तिचं म्हणणं. तिच्याकडे लग्नाच्या साड्या येतात, दिवाळीच्या येतात. एक साडी मात्र कधी येत नाही. ती म्हणजे कोडी.

नवरा वारला की दहाव्या दिवशी बायकोच्या माहेरून कोरी साडी येते, तिला इथे कोडी म्हणतात. भावानं ती आणायची आणि माहेरच्या बाईनं विधवेच्या खांद्यावर घालायची. तिला पाणी लागलेलं चालत नाही, सुईही चालत नाही, म्हणून तिला फॉल नसतो. रीत तमिळ लोकांची. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या मराठी घरांनी ती कधी उचलली हे कुंभकोणमात कोणाला सांगता येत नाही, पण आज ती त्या घरांत पक्की आहे. साडी भारी की हलकी हे कोणी बघत नाही. ती आली, म्हणजे या बाईच्या मागे कोणीतरी आहे. नाही आली, तर तेही गल्लीला कळतं.

गेल्या कार्तिकात विशालाक्षीचा नवरा सेतू वारला, आणि तिची कोडी कोण आणणार हा प्रश्न उभा राहिला.

तिला जन्माचं घर नव्हतं. वीज खात्यात कारकून असलेल्या स्वामीनाथरावांनी तिला तीन वर्षांची असताना तिरुचीच्या एका अनाथाश्रमातून आणलं. नवराबायकोला मूल होत नव्हतं. पाच वर्षांनी त्यांना मुलगा झाला. स्वामीनाथरावांची बहीण बारशासाठी दोन दिवस आधी आली आणि जेवताना म्हणाली, "आतां स्वतःचा जाहला. हीस परत पाठव." त्या घरांतली मराठी अशीच, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची, मुंबई-पुण्याकडचे लोक ऐकून हसतात. स्वामीनाथराव जेवत राहिले. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. बारशाच्या दिवशी त्यांनी बहिणीला तसंच बसू दिलं आणि पाळण्याशी विशालाक्षीला उभं केलं. आठ वर्षांच्या मुलीनं बाळाच्या कानात सांगितलं, हरिप्रसाद. बहीण न जेवता गेली.

स्वामीनाथरावांनी या विषयावर एवढंच केलं. बाकीचं घर बोलत राहिलं. दत्तकाला तमिळमध्ये स्वीकारम् म्हणतात. पाहुणे आले की हा शब्द घरात हळू आवाजात यायचा आणि विशालाक्षी खोलीत आली की थांबायचा. तिचं लग्न त्यांनी नीट करून दिलं. सेतू मराठीच, पितळी दिव्यांच्या दुकानात विक्रेता. दोघांना मूल झालं नाही. दत्तक घ्यायचं का, असं सेतूनं एकदा विचारलं. ती नको म्हणाली आणि कारण सांगितलं नाही. सेतूनंही पुन्हा विचारलं नाही. पुढे दोन वर्षांच्या अंतरानं स्वामीनाथराव गेले आणि त्यांची बायकोही गेली.

सहा वर्षांपूर्वी सेतूची मूत्रपिंडं निकामी झाली. समोर राहणारी पुष्पम नावाची बाई डायलिसिसच्या दिवशी डबा आणून द्यायची. तीच विशालाक्षीला रविवारी आपल्या प्रार्थनासभेला घेऊन गेली. पत्र्याच्या छपराची ती जागा, प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं. पास्टर अरुळदास त्या दिवशी सांगत होते की देव माणसाला नोकर म्हणून घरात घेत नाही, मूल म्हणून घेतो. आणि त्यांनी तोच शब्द वापरला, स्वीकारम्. माइकवर, सगळ्यांसमोर. विशालाक्षीनं तो शब्द इतक्या मोठ्यानं कधी ऐकला नव्हता.

सभा संपल्यावर ती पास्टरांसमोर जाऊन उभी राहिली. एकच शंका आहे, म्हणाली. "मागाहून स्वतःचं मूल झालं, तर घेतलेल्याचं काय करतो तो?"

"त्याला स्वतःचा मुलगा आधीपासून होता, अम्मा," पास्टर म्हणाले. "असूनही त्यानं आपल्याला घेतलं."

तिला आणखी काही विचारायचं उरलं नाही. या सभेतले बाप्तिस्मे कावेरीतच होतात, आणि कावेरीत पाणी असेल तेव्हाच. मेट्टूर धरणाचं पाणी येईपर्यंत सगळे थांबतात. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, पाणी आलं आणि विशालाक्षी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. पास्टरांनी नवीन नाव सुचवलं. तिनं जुनंच ठेवलं. सेतू बाप्तिस्मा न घेता काठावर टॉवेल धरून बसला होता. घरी येताना म्हणाला, "एका बाईस किती बाप लागतात? तुजा हा तिसरा."

"दुसरा बरा होता," ती म्हणाली. "म्हणून तिसऱ्यावर विश्वास बसला."

हरिप्रसादनं तेव्हापासून येणं बंद केलं. सेतू वारला त्या दिवशी आला, चपला घालूनच दारात उभा राहिला आणि गेला. पाचव्या दिवशी विशालाक्षी त्याच्या महामहम तळ्याजवळच्या घरी स्वतः गेली. सुतकात बाहेर पडू नये हे तिला माहीत होतं. हरिप्रसादची बायको सुष्मिता दारातच भेटली आणि तिनं आत बसवलं.

"कॉफी घे, अक्का," हरिप्रसाद म्हणाला.

"कॉफीस नाहीं आलें. दहाव्यास येशील ना?"

तो पंख्याकडे बघत राहिला. "मीं येऊन काय करूं?"

"कोडी आण. सुष्मिता घालील."

"मीं नाहीं हो," सुष्मिता घाईनं म्हणाली. "माझी आई येईल. ती विधवा, तीस चालतें."

"कोणी जायचें नाहीं," हरिप्रसाद म्हणाला. "नदींत बुडी मारून तूंच घर बदललेंस, अक्का. आतां नव्या बापास सांग. त्याजकडे साड्या नाहींत काय?"

"हरी, तुजें नांव मीं ठेविलें आहे."

"तें आत्येनें ठेवायचें होतें. राहूनच गेलें."

विशालाक्षी उठली. सुष्मिता जिन्यापर्यंत सोडायला आली.

तिथून ती थेट पास्टरांकडे गेली. भाऊ जे चिडून बोलला ते तिनं जसंच्या तसं घेतलं होतं. पास्टर तिच्याशी तमिळमध्ये नीट, सावकाश बोलले. कोडी हा परधर्मीयांचा रिवाज, त्यात आपण पडत नाही, म्हणाले. "साडीनं काय होतं, अम्मा? तुम्ही स्वर्गातल्या राजाची मुलगी आहात."

"म्हणूनच आले," ती म्हणाली. "राजाच्या घरून एक साडी यायला हरकत काय?"

पुष्पम तिथेच बसली होती. तिला ते पटलं. "खरं आहे, अय्या. हिला विचारणारं कोणी नाही असं गल्लीत का होऊ द्यायचं? हिचं घर आपण. आम्ही बायका आणतो."

पास्टरांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे दोघींनी आपापल्या परीनं ठरवलं.

दोन दिवसांनी पुष्पमची सून चार साड्या टाकून गेली. तीन तिच्या माहेरच्या लग्नातल्या. चौथी मोहरीच्या रंगाची, काठ गर्द हिरवा. एरवी प्रत्येक साडीला नावाची चिठ्ठी टोचलेली असते, हिला नव्हती. "ही कोणाची ते मग सांगते," सून म्हणाली. "बुधवारच्या आत हवी." बुधवारी दहावा होता.

त्या सभेतली प्रत्येक नवी साडी फॉलसाठी विशालाक्षीकडेच यायची. बायकांनी सवयीनं हीसुद्धा पाठवून दिली. कोडीला सुई चालत नाही, हे त्यांच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. विशालाक्षीनं घडी उलगडली, परत घातली, पुन्हा उलगडली आणि सुई घेऊन बसली. दहा दिवस सोबतीला आलेली सेतूची म्हातारी आत्या आतून ओरडली, "सुतकांत सुई धरतेस?"

"गिऱ्हाइकाचें काम आहे, आत्ये."

तशीच परत दिली असती तर त्यांना वाटलं असतं, हिला नकोय. म्हणून तिनं हिरव्या दोऱ्यानं फॉल लावला, सगळा हातटाक्यांनी.

बुधवारी उजाडायच्या आधी पुरुष नदीवर गेले. सेतूचा भाऊ पद्मनाभ विधी करणार होता. त्याची बायको नंदिता रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात दार लावून बसली, कारण नवरा जिवंत असलेली बाई या वेळी विधवेसमोर येत नाही. स्वतःच्या नवऱ्यावर संकट येतं, असं समजतात. अंगणात आत्या होती, ती चाळीस वर्षांची विधवा. पाटावर विशालाक्षी बसली होती. हरिप्रसादची वाट कोणी बघत नव्हतं, तरी आत्या दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

मग सभेच्या चार बायका आल्या, पुढे पुष्पम, हातात साडीचं ताट. पास्टर रस्त्यावर स्कूटरपाशी थांबले.

आत्यानं चौघींच्या गळ्याकडे पाहिलं. चौघींच्या गळ्यात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, होतं. "घालणार कोण?" तिनं तमिळमध्ये विचारलं.

"आम्हीच, पाट्टी."

"ताळीवाल्या बाईनं घातली तर काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

पुष्पम हसली. "आम्ही ते मानत नाही."

"चांगलं आहे. मग घाल."

पुष्पमनं साडी उचलली. तिच्या नवऱ्याच्या हृदयात वर्षापूर्वी स्टेंट घातला होता. साडी हातातच राहिली. "ग्रेसी, तू घाल," ती म्हणाली.

"मी? मी सगळ्यांत लहान," ग्रेसी म्हणाली आणि तिसरीकडे पाहिलं.

तिसरी म्हणाली, आधी प्रार्थना करू.

सभेत विधवा होत्या. पण त्यांच्यातली एखादी बरोबर आणावी हे कोणाला सुचलं नव्हतं, कारण अशी भीती आपल्यात आहे हेच कोणी धरलं नव्हतं. प्रार्थना लांबली. तिच्यात विशालाक्षीचं नाव आलं, सेतूचं आलं, भय नावाची गोष्ट देवाच्या लेकरांना नसते हेही आलं. मग आमेन झालं. साडी पुष्पमच्याच हातात.

"आमेन जाहलें," आत्या मराठीत म्हणाली. "आतां साडी?"

विशालाक्षी पाटावरून उठली. पुष्पमच्या हातातून साडी घेतली आणि घडी मोडून स्वतःच्या खांद्यावर टाकली. पुष्पम रडायला लागली. विशालाक्षीनं तिच्याकडे बघितलं नाही. आत्यानं साडीचा काठ चिमटीत धरून उलटा केला.

"हीस तर फॉल आहे."

"मींच लाविला."

"आपली कोडी आपण शिवलीस, आपण नेसलीस," आत्या म्हणाली. "दोन दोन बाप करून."

रविवारी विशालाक्षी तीच साडी नेसून सभेला गेली आणि पहिल्या रांगेत बसली. साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची, वेळ आली तेव्हा हात वर केला. पास्टरांनी जरा उशिरानं माइक दिला.

"माझ्या बापानं मला साडी पाठवली," ती म्हणाली. "ज्यांच्या हाती पाठवली, त्यांना ती घालता आली नाही. बापानं मला घेतलंय, ते पक्कं आहे. एवढंच सांगायचं होतं."

एरवी साक्ष संपली की लोक मोठ्यानं 'स्तोत्रम्' म्हणतात, म्हणजे देवाची स्तुती असो. त्या दिवशी पास्टरांनी लगेच गाणं सुरू केलं.

त्यानंतर महिनाभर सभेतून एकही साडी फॉलला आली नाही. विशालाक्षी दर रविवारी जात राहिली. तिच्या शेजारची खुर्ची कधी भरे, कधी नाही. मार्गळी महिन्यात, नाताळच्या आधी, पुष्पम तीन साड्या घेऊन दुकानात आली आणि टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"अजून राग आहे?" तिनं विचारलं.

विशालाक्षीनं वरच्या साडीचा काठ बोटांनी मोजून पाहिला आणि चिठ्ठीवर नाव लिहिलं.

"बापावर नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी ये."