त्सुफेनहाउझेनच्या जिन्यातली न दिसणारी माणसं

जर्मनीत संसार थाटला की काही गोष्टी न मागता साठत जातात. ओट्याखाली दह्याच्या रिकाम्या बादल्या साठतात, केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सुटकेसी साठतात आणि रविवारच्या जेवणानंतर हे असले किस्से साठतात. बादल्या निदान वापरता तरी येतात!

आधीच सांगून ठेवते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. मी गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासते. दिवसभर 'हे असं का झालं?' एवढंच विचारायचा पगार मिळतो. माझा नवरा निखिल तर माझ्याहून नास्तिक. पण आम्ही स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरातल्या ज्या इमारतीत राहतो, तिथलं सगळंच विचारून सुटत नाही.

निखिलचं म्हणणं असं, की इथली भुतं दिवसाढवळ्याच येतात. "रात्री दहानंतर आवाज करायला बंदी आहे ना!"

* * *

आमच्या खालच्या मजल्यावर वैशाली आणि मंदार राहतात. वैशाली मिरजेची, मंदार पुण्याचा. ते राहायला आले तेव्हा त्यांच्या बेलवर जुन्या भाडेकरूचं नाव तसंच होतं, 'क्राउझे'. इथे फ्लॅटला नंबर नसतो. बेलवरचं नाव हाच तुमचा पत्ता. नाव बदलायचं काम हाउसफेरवाल्टुंगचं, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसचं. ते लोक 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत राहिले आणि पाटी काही बदलेना.

दर गुरुवारी दुपारी बेल वाजायची. वैशालीने इंटरकॉम उचलला की एका बाईचा आवाज यायचा, "इश बिन्स." म्हणजे, मीच आहे. वैशाली बटण दाबायची, खालचं दार उघडल्याचा आवाज यायचा, जिन्यात पावलं वाजायची आणि मधल्या वळणावर थांबायची. वर कोणी यायचंच नाही. मंदार एकदा रजा टाकून त्या वळणावर जाऊन उभा राहिला. दार उघडलं, पावलं वाजली, त्याच्यापाशी येऊन थांबली. त्याला कोणी दिसलं नाही. तो पांढराफटक पडून वर आला आणि दोन ग्लास पाणी प्यायला.

शेवटी पाटी बदलली आणि तिथे 'कुलकर्णी' आलं. त्या गुरुवारपासून बेल बंद!

मंदार आता ऐटीत सांगतो, "भूत झालं तरी जर्मन. पाटीवर नाव नसेल तर वर येणार नाही."

* * *

गिरीश हा आमच्या रविवारचा कायमचा पाहुणा. बिचारा एकटा राहतो, उष्ण प्रदेशातल्या कंदांवर पीएचडी करतो आणि आमच्याकडे येऊन साबुदाण्याची खिचडी ओरपतो. संशोधनासाठी तो दोन वर्षं टोगोमध्ये होता. पश्चिम आफ्रिकेतला हा चिंचोळा, चिमुकला देश. विद्यापीठाने पाठवलं तेव्हा त्याच्या आईने नकाशात तो सापडेपर्यंत दोनदा चष्मा पुसला होता.

तिथल्या गावात एका म्हातारीच्या घरी त्याने खोली घेतली होती. ती पाणी प्यायच्या आधी थोडं जमिनीवर ओतायची, गेलेल्या वाडवडिलांसाठी. गिरीशलाही आजोबांमुळे चित्राहुती घालायची सवय. ताटाभोवती पाणी फिरवायचं, बाजूला भाताची चार शितं ठेवायची. म्हातारीने ते पाहिलं आणि तिला हा मुलगा एकदम घरचा वाटला. तो मासे खात नाही हे तिने ओळखलं आणि त्या दिवसापासून त्याच्या ताटात माशाऐवजी उकडलेला कंद यायला लागला.

एका दुपारी तिने गिरीशच्या मागे आणखी एक स्टूल आणून ठेवलं.

"कोण येणार आहे?" गिरीशने विचारलं.

"आलेत की. कधीचे उभे आहेत तुझ्यामागे. बसायला सांग, गुडघा दुखतोय त्यांचा."

हे ऐकून निखिल हसत सुटला. "अरे, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखतो हे सांगायला काय सिद्धी लागते?"

गिरीशने खिचडीचा घास खाली ठेवला. "ती 'डावा' म्हणाली," तो म्हणाला. "आणि आजोबा डाव्या पायाने लंगडायचे हे मी तिथे कोणालाही सांगितलं नव्हतं."

* * *

आता आमच्या घराचा किस्सा. स्टुटगार्टकडे केअरवोख नावाचा प्रकार असतो. आठवड्याची पाळी लावून प्रत्येक घराने सामाईक जिना झाडायचा आणि पुसायचा. पाळी संपली की दारावरची लाकडी पाटी काढायची आणि पुढच्या घराच्या दाराला अडकवायची. या पाटीची मला जितकी धास्ती आहे, तितकी मॅनेजरची नाही.

आमच्या आधीची पाळी समोरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्टची. ते वारले, फ्लॅट रिकामा झाला, किल्ल्या ऑफिसात जमा झाल्या. म्हणजे त्यांच्या आठवड्याला जिना घाण राहायला हवा होता. पण सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर जिना चकचकीत, लिंबाच्या साबणाचा वास सुटलेला आणि पाटी माझ्या दाराला!

इमारतीत सगळ्यांना विचारलं. कोणीच पुसला नव्हता. तळमजल्यावर फ्राऊ बाउअर, म्हणजे बाउअरबाई, राहतात, ऐंशी पार केलेल्या, एकट्या, आमच्या जिन्याच्या अनभिषिक्त हेडमास्तर. त्यांना विचारलं तर त्या नुसत्या मान हलवून म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. हेर फोग्टनी आपली पाळी कधी चुकवली नाही."

"बघ," निखिल म्हणाला, "माणूस मेल्यावरही जिना पुसतो, आणि तू जिवंतपणी टाळतेस!"

मी त्या आठवड्यात जिना दोनदा पुसला. भीतीने नाही, उगाच शेजारधर्म म्हणून.

* * *

सासूबाई तीन महिने राहायला आल्या होत्या. रोज सकाळी फिरायला जायच्या आणि खुशीत परत यायच्या. "काय सुंदर बाग आहे गं कोपऱ्यावर! फुलं काय, बाकं काय! एक आजी तर माझ्यासाठी जागा धरून ठेवतात."

कोपऱ्यावर बाग नाही. मी घाबरतच म्हटलं, "अहो आई, ते कब्रस्तान आहे!"

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं," सासूबाई शांतपणे भाजी चिरत म्हणाल्या. "त्या आजींनीच सांगितलं. आपली जागासुद्धा दाखवली."

त्यानंतर मी त्यांना ट्रॅमने लांबच्या बागेत नेऊ लागले. त्यांना ती काही आवडली नाही.

* * *

आणि आता गेल्या नवरात्रातली गोष्ट. ही मी कधी हसत सांगू शकले नाही.

वैशालीला आठवा महिना लागला होता. तिकडे मिरजेत तिची आई आयसीयूमध्ये, व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी वैशालीला विमानात बसू दिलं नाही. एकुलती एक मुलगी आणि हजारो मैल लांब. ती दिवसभर फोन हातात धरून बसायची. आई वाचावी यापलीकडे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने घट बसवले आणि आईसाठी अखंड दिवा लावायचं ठरवलं.

पण तेलाच्या समईने छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. शिवाय रात्रभर जागून वात कोण सारणार? सुपरमार्केटात तिला तांबड्या नळकांड्यातल्या, सोनेरी झाकणाच्या मेणबत्त्या दिसल्या. दिवसचे दिवस जळतात, वाऱ्याने विझत नाहीत. तिने त्या घटाशेजारी खिडकीत ठेवल्या. एक संपत आली की तिच्याच ज्योतीवर दुसरी लावायची. वर काय लिहिलंय ते वाचण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती, आणि आम्ही तर सगळे त्या दिव्याला नमस्कार करून आलो होतो.

सातव्या माळेच्या दुपारी मी तिच्याकडेच बसले होते. फ्राऊ बाउअर पांढऱ्या फुलांची कुंडी घेऊन दारात आल्या. त्यांनी वैशालीचा हात हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "कोण गेलं?"

त्यांनी खालून खिडकीतला दिवा पाहिला होता. तो थडग्यावर लावायचा दिवा होता. इथे तो फक्त मेलेल्यांसाठी लावतात.

वैशालीने वाकून नळकांड्यावरची अक्षरं वाचली. "मी आईसाठी थडग्यावरचा दिवा लावला? इतके दिवस?" मंदार पुढे होऊन तो विझवायला लागला तशी ती किंचाळली, "विझवू नकोस! अखंड दिवा आहे तो!"

तो जळत ठेवावा तर आईचं मरण खिडकीत मांडून ठेवल्यासारखं, आणि विझवावा तर आपल्याच हाताने. मी एरवी असल्या गोष्टींना हसते. त्या क्षणी मलाही फुंकर मारायचा धीर झाला नसता.

मी निरांजन आणलं, तुपात वात भिजवली आणि त्या ज्योतीवर लावून घटाशेजारी ठेवलं. अखंड दिवा तुटला नाही. पण हा तांबडा अजून जळतच होता.

फ्राऊ बाउअरना काही कळेना. मंदारने त्यांना जमेल तसं जर्मनमध्ये सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आल्झो, असं करा, मला द्या. कब्रस्तानात नवऱ्याशेजारी माझी जागा राखलेली आहे. तिथे नेऊन ठेवते. दिवा माझा म्हणून जळेल, मग तुझ्या आईला त्याचं काही नाही."

"नको," वैशाली म्हणाली. "असं नको."

"मुली, माझं वय बघ. मला दिव्याची कसली भीती?" त्या हसल्या. मंदार सोबत यायला निघाला तर त्याला हाताने थांबवलं. तो तांबडा दिवा ओंजळीत धरून, एकेक पायरी सांभाळत त्या जिना उतरून गेल्या. आम्ही दारात उभे राहून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. व्हेंटिलेटर काढला होता. आई शुद्धीवर आली होती! वैशाली रडत होती, मंदार रडत होता, मी आणि निखिल धावत खाली आलो तर आम्हीही रडायला लागलो. स्क्रीनवर आईंचा चेहरा सुकलेला, पण डोळे लख्ख उघडे.

"आई, बरं वाटतंय ना गं?"

"बरं आहे," आई पुटपुटल्या. मग त्यांनी विचारलं, "वैशे, ती म्हातारी घरी पोचली का गं?"

"कोण म्हातारी?"

"गोरी. ओंजळीत तांबडा दिवा होता बघ. मी आपली निघाले होते, तर दारात आडवी आली. म्हणाली, तू माघारी जा, दिवा माझा आहे."

वैशालीने फोन तसाच माझ्या हातात दिला आणि मंदारकडे पाहिलं. मंदार अनवाणीच जिना उतरून गेला. आम्ही वर उभे होतो. खालून त्याच्या हाका ऐकू येत होत्या, "फ्राऊ बाउअर! फ्राऊ बाउअर!" मग तो दार ठोठावायला लागला.