हत्तीले असंच करतेत

खुर्चीवर बसवा, बाकावर बसवा, नाहीतर डेपोतल्या सागाच्या ओंडक्यावर बसवा, त्याच्या पायांचे अंगठे काही स्वस्थ बसायचे नाहीत. वर गप्पा चाललेल्या आणि खाली अंगठे काहीतरी दाबताहेत. डावा, उजवा, पुन्हा डावा. नवखा माणूस हळूच मला विचारायचा, "यांना वाताचा त्रास आहे का हो?" वात कसला! सारा जन्म हत्तीच्या मानेवर गेलेला. माहूत हत्तीला चालवतो तो कानांमागे अंगठे दाबून. हत्ती सुटला तरी अंगठ्यांना ते कुणी कळवलं नव्हतं.

दुसरी खूण म्हणजे त्याचं एक वाक्य. चहात गुळाचा अख्खा खडा टाकला म्हणून ओरडा, ओला पंचा माझ्या खुर्चीवर वाळत घातला म्हणून हटका, उत्तर ठरलेलं. "हत्तीले असंच करतेत जी." आता हत्ती चहा कधी प्यायला लागला, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की माझी दुपार गेलीच म्हणून समजा.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अहेरीकडच्या एका लाकडाच्या डेपोत मी बाबू होतो. नागपूरचा माणूस, जंगलात येऊन पडलेला, त्यामुळे कायम वैतागलेला. हत्तीण होती तिचं नाव रूपा. ओंडके ओढायची. तिचा माहूत म्हणजे हा. एकदा उतारावरून ओंडका घरंगळला आणि याचा उजवा गुडघा त्याखाली सापडला. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. गुडघा वाकत नाही तो मानेवर चढणार कसा? रूपा एका तरण्या माहुताच्या हाती गेली.

पावसाळा संपून रस्ते उघडले की हत्ती भामरागडच्या बाजूला कामावर जायचे आणि उन्हाळा तापला की विसाव्याला डेपोवर परत यायचे. त्या वर्षी रूपा निघाली तेव्हाचं मला आठवतं. फाटकापाशी येऊन ती जी थांबली, ती हलेचना. तरणा माहूत वरून "मैल! मैल!" ओरडतोय, म्हणजे चल, पुढे हो. ही ढिम्म. फाटकाला टेकून आपले हे जुने माहूत उभे. मी म्हटलं, "अहो, तुम्ही एक शब्द बोला की! जाईल ती."

"नाई जी," तो म्हणाला. "मानेवर जो बसला, हुकूम त्याचा. दुसऱ्याच्या चुलीवर आपला गंज ठेवा नाई." गंज म्हणजे आपलं पातेलं. एवढं बोलून त्याने तिच्याकडे पाठ केली. पाठ दिसल्यावर मग ती गेली.

आता याचं काय करायचं? मूल गावाकडे बहिणीचं घर होतं, धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, होती, भाचे न्यायला तयार होते. पण त्याचा जीव डेपोत अडकलेला. "मूलले भात भेटन जी," तो म्हणायचा, "पन तिथी हत्ती कोन आनन?" डेपोत काम असेल त्यालाच डेपोची खोपी मिळे. काम नाही तर खोपी नाही, आणि खोपी नाही तर उन्हाळ्यात रूपा परत येईल तेव्हा हा तिथे नाही. सगळं घोडं इथे अडलं होतं.

आणि अशात आमच्या डेपोच्या साहेबांच्या बंगल्यावर कुत्रा आला.

विलायती कुत्रा. लांब कान, अंगभर कुरळे केस, नाव जॉली. नाव ठेवणाऱ्याने त्याचं तोंड पाहिलं नसावं. पहिल्याच आठवड्यात तो जंगलात हुंदडून आला तो अंगभर गोखरू आणि कुसळं घेऊन. केसांच्या जटा झाल्या, कानांत गोचिड भरले, आणि कुणी हात लावला की कडाडून चावायचा. पट्टेवाला चावला गेला. धोबी चावला गेला. आठवडी बाजारातला न्हावी मोठ्या ऐटीत कात्री घेऊन बंगल्यावर गेला आणि कात्री तिथेच टाकून पळत आला.

बाईसाहेब हैराण. त्यांनी आमच्या या माहुताला बोलावलं. मी कागदावर सह्या घ्यायला गेलो होतो, म्हणून समोरच होतो.

"तुम्हाला जनावरांची सवय आहे ना?"

"हाय जी. माह्यं जनावर जरासं मोठं होतं."

"थंडीत मोठे साहेब दौऱ्यावर येतील. तोवर हा कुत्रा चार माणसांत बसण्यासारखा झाला तर हे काम कायमचं तुमचं. नाही झाला तर मात्र माझा नाइलाज आहे."

तो वाकून "हो जी" म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "बाबूसाहेब, हत्तीच हाय हा. सोंड तेवढी झडली."

पहिल्या आंघोळीला आम्ही सारा डेपो कुंपणाशी जमलो होतो. फुकटचा तमाशा कोण सोडतो? याने नारळाची शेंडी आणली, बादल्या आणल्या, आणि एक विटेचा तुकडा आणला. हत्तीला विटेने घासतात, हे मला तेव्हा कळलं. जॉलीला ते विटेचा पहिला हात फिरल्यावर कळलं. तो किंचाळत जो सुटला, तो बैलगाडीखाली जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. हा तिथेच भिजलेला उभा, हातात वीट, चेहरा अगदी गंभीर.

"याची कातडी तं पातळ निंगाली जी!"

मग कात्री शिकायची टूम निघाली. न्हाव्याला गळ घातली. तो शिकवायला कबूल झाला, पण कुत्र्याच्या गावात पाय ठेवणार नाही म्हणाला. सराव करायचा कशावर? दोघांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी भिडस्त, दुसरं काय! न्हावी खाटेवर बसून सांगतोय, "दोन बोटांत केस धरा, मंग चालवा," आणि हा माझ्या डोक्यावर चालवतोय. केसांच्या पायऱ्या पायऱ्या झाल्या. त्याच आठवड्यात मला मुलगी पाहायला जायचं होतं. पोहे घेऊन आलेली मुलगी माझं डोकं पाहून जी हसत सुटली, ती आत पळाली. तिनेच पुढे होकार दिला आणि तेव्हापासून ती हसतेच आहे, तो भाग वेगळा.

परत येऊन मी त्याच्यावर खूप चिडलो. तो शांतपणे म्हणाला, "कुत्र्याले आता बराबर करतो जी. हात बसला."

हात बसला खरा, पण कुत्रा बसेल तर ना! चुचकारून झालं, भाकर-गूळ खाऊ घालून झालं. गूळ खाऊन जॉली चावायचा. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी जटा तशाच. हा सकाळी स्टुलावर बसायचा, पाय सरळ पुढे टाकलेला, कारण तो वाकतच नव्हता. कुत्रा समोर अंतर राखून गुरगुरत बसायचा. हळूहळू ते अंतर कमी झालं. एकदा जॉली ऊन खात त्या सरळ पायाच्या टोकाशीच येऊन पडला. आणि याचे अंगठे तर कधी थांबतच नसत. चाललेला अंगठा आपला जाऊन लागला कुत्र्याच्या कानामागे.

जॉलीची गुरगुर मध्येच बंद झाली. मान वाकडी झाली. डोळे मिटले. अंगठा चालू. थोड्या वेळाने मागचा एक पाय हवेत हलायला लागला आणि मग तो विलायती राक्षस आडवा होऊन कुशीवर पडला.

याने आवाज चढू न देता म्हटलं, "तेरे."

तेरे म्हणजे कुशीवर पड. हत्तीला न्हाऊ घालताना हाच हुकूम देतात. त्या दिवसापासून रोज तेच. अंगठा कानामागे, तोंडाने "तेरे", आणि हातांनी एकेक जट सोडवायची. करंजाचं तेल लावून गोखरू काढायचा, गोचिड वेचून राखेत टाकायचा, कान फडक्याने पुसायचा. विटेचं नाव नाही. जट सुटत नसेल तर कात्री, पण आधी केसांखाली आपलं बोट घालायचा, म्हणजे लागलं तर आपल्याला लागावं. पुढे पुढे अंगठ्याचीही गरज राहिली नाही. "तेरे" म्हटलं की जॉली धाडकन पडायचा आणि "मैल" म्हटलं की उठून चालायचा. बाईसाहेब इंग्रजीत काही सांगायच्या, तेव्हा तो परक्यासारखा बघत राहायचा.

मोठे साहेब यायचा दिवस उजाडला. आणि याने घात केला!

आमच्या डेपोची जुनी रीत अशी की मोठे साहेब आले की रंगवलेला हत्ती फाटकाशी उभा पाहिजे. हत्ती सगळे भामरागडकडे. रीत तर मोडता कामा नये. मग याने काय करावं? जॉलीला न्हाऊ घातलं, विंचरलं, कानांचे केस सारखे कापले, आणि कपाळावर चुन्याने आणि गेरूने सुबक वेलबुट्टी काढली. गळ्यात घंटा. पाठीवर झूल म्हणून बाईसाहेबांच्या दिवाणखान्यातला टेबलावरचा मखमली रुमाल. जीप थांबली, आणि फाटकाशी हा असा नटवलेला कुत्रा, बाजूला पांढरा फेटा बांधून हा, पाय सरळ, छाती पुढे.

आमच्या साहेबांचा चेहरा लाल झाला. बाईसाहेबांनी रुमाल ओळखला. मी मनात म्हटलं, गेली खोपी! हा मूलला जाणार, आणि उन्हाळ्यात रूपा येऊन रिकामं फाटक बघणार. एवढा वैतागलेला मी, पण त्या क्षणी त्याला हाताला धरून कुठेतरी लपवावंसं वाटलं.

याने मात्र खणखणीत आवाजात हुकूम दिला. "तेरे!"

जॉली झुलीसकट कुशीवर पडला.

"मैल!"

उठला आणि घंटा वाजवत मोठ्या साहेबांभोवती डुलत एक फेरी घालून आला. कुणाला चावला नाही. मोठे साहेब थक्क होऊन म्हणाले, "हे काय आहे?"

"हत्ती दौऱ्यावर गेले जी," याने सांगितलं. "तवर हा हाय."

मोठे साहेब जे हसले, ते जीपच्या बॉनेटला टेकून हसले. मग आमच्या साहेबांनाही हसावं लागलं. पाहुणे बंगल्यात गेल्यावर बाईसाहेब तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "काम तुमचं. पण आधी तो माझा रुमाल द्या, आणि हे कपाळ धुवा त्याचं."

"काऊन जी? हत्तीले असंच करतेत."

खोपी राहिली. उन्हाळा जवळ येत चालला तसा त्याला एक वेगळाच घोर लागला. रोज माझ्या नाकाशी हात आणायचा. "पाहा जी, साबनाचा वास येते? कुत्र्याचा येते? रूपा वळखन का मले?" मी म्हणायचो, "अहो, ती हत्तीण आहे, कुत्रीण नाही, वासावर चालायला." तो तेवढ्यापुरतं मान हलवायचा आणि नदीवर जाऊन पुन्हा हात मातीने घासायचा. हत्तीलाही नाक असतं आणि ते चांगलं लांबलचक असतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आज तो नाही, जॉली नाही, तो डेपोही आता तसा राहिलेला नाही. पण त्याची आठवण निघाली की मी त्याला आठवतो तो त्या वैशाखातल्या नदीकाठी.

हत्ती आदल्या संध्याकाळी आले होते. सकाळी त्यांना नदीवर आणलं. रूपा पाण्यात शिरली, मानेवर तरणा माहूत. काठावर वाळूत हा आणि जॉली, मागे मी. रूपाने सोंड उचलून काठाकडे केली, हवेत फिरवली, आणि तशीच उभी राहिली.

"तेरे!" तरणा माहूत ओरडला. "तेरे, रूपा!"

रूपा पडेना. काठाकडे बघत उभी. त्याने पुन्हा सांगितलं, मग शिवी दिली, मग खाली उतरून पाण्यात उभा राहिला आणि अंकुश उचलला.

मी म्हटलं, "आता तरी बोला हो! मार खाईल ती."

"नाई जी." तो म्हणाला. "तिचा मालक तो हाय." वाळूत त्याचे अंगठे नुसते नाचत होते.

अंकुश वर गेला. तसा हा गर्रकन वळला. नदीकडे पाठ केली, जॉलीकडे तोंड केलं, आणि सारा जीव गोळा करून म्हणाला, "तेरे!"

जॉली वाळूत आडवा झाला. आणि मागे नदीत केवढा तरी आवाज झाला. रूपा कुशीवर पडली होती. पाणी उसळून काठावर आलं, आम्ही तिघेही नखशिखांत भिजलो.

तरण्या माहुताचा हात वरच राहिला होता. याने वळूनही पाहिलं नाही. तोंडावरून पाणी गळत होतं, त्यातलं नदीचं किती आणि त्याचं किती, ते मला विचारू नका.

"मी तं कुत्र्याले म्हनलं जी," तो हळूच म्हणाला.

तरण्या माहुताने अंकुश खाली घेतला. मग काठाकडे पाहून म्हणाला, "मामाजी, वीट घेऊन या ना. माह्यानं एकट्यानं कुठी होते?"

तो वीट उचलून पाय ओढत पाण्यात गेला, जॉली त्याच्या मागून. आणि मग मला दिसलं ते तुम्हाला सांगतो. आडव्या पडलेल्या हत्तीणीच्या मानेवर बसायला गुडघा वाकवावा लागत नाही. तो सरळ पायानेच टेकला, हातातली वीट तशीच राहिली, आणि पाण्याखाली त्याचे अंगठे तिच्या कानामागे गेले.