हौदातले पाहुणे

आरोग्यसेवक म्हणून शिरूर तालुक्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी फार तापट होतो. कवठे येमाईच्या अलीकडच्या एका गावात एका मावशींच्या हौदात मी स्वतःच्या हातानं गप्पी मासे सोडले होते, डासांच्या अळ्या खायला. पंधरा दिवसांनी बॅटरी मारून पाहिलं, तर अळ्या खुशाल वळवळतायत आणि शेजारून मासे आरामात फिरतायत.

पलीकडच्या गल्लीत डेंगीचे दोन रुग्ण सापडले होते, आणि मावशींची लेक आठवड्याभरात पहिल्या बाळंतपणाला येणार होती. मला खरंच भीती वाटली. हौद उपसा म्हणावं, तर नळाला पाणी चौथ्या दिवशी. मावशी थेंब सांडायला तयार नव्हत्या. माशांना काही रोग झालाय की काय, म्हणून मी वाकून बघत बसलो. तेवढ्यात मावशी भाकरीचा चुरा घेऊन आल्या आणि सवयीनं हौदात टाकला. मासे धावत आले.

"मावशी, हे रोज टाकता?"

"दोन टायमाला. सकाळी भाकर, सांजच्याला भात. घरी आलेला जीव उपाशी ठिवायचा व्हय?"

मी कपाळावर हात मारला. पोट भरलेले मासे अळ्या कशाला खातील? समजावता समजावता माझा आवाज चढला. मावशी मात्र शांत होत्या.

"सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूच्या येळला पलेगात सायेब आलं की घर सोडून रानात खोपटात ऱ्हावं लागायचं. तुमी तर नुसतं मासं उपाशी ठिवा म्हंताय. लेकीसाठी ठिवते."

आठ दिवसांनी गेलो. हौदात तीनदा बॅटरी फिरवली. एक अळी सापडेल तर शपथ. लेक ओसरीवर पाय पसरून शेंगा खात होती. मला इतका आनंद झाला, की नोंद करताना दोनदा खाडाखोड झाली. निघालो, तर मोटारसायकलची किल्ली मावशींच्या हातात, आणि ओसरीवर पिठलं-भाकरीचं ताट वाढलेलं.

"मावशी, जेवून आलोय."

"आठ दिस मन मारून त्यास्नी उपाशी ठिवलंय म्या. आता तुमी बी तसंच गेलात, तर मला घास उतरायचा न्हाई."

मी मुकाट्यानं बसलो. दोन भाकरी खाल्ल्या, हौदाकडे पाठ करून.