फुलाबाईच्या भिंतीमागच्या अठ्ठावीस बादल्या

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं, कारण या गोष्टीत आमच्या घरचीपण एक पिशवी आहे. पण राहवतच नाही, म्हणून लिहितेच.

सात रस्ता चौकाच्या मागं आमची कॉलनी. कोपऱ्यातल्या घरात फुलाबाई राहते, मुलगा मल्हार आणि चंद्री नावाच्या शेळीबरोबर. तिचा सगळा जन्म सांगोल्याकडं शेरडांमागं गेला. मल्हारला इथं नोकरी लागली तेव्हा भांड्यांबरोबर चंद्रीपण टेम्पोत चढली. फुलाबाईच्या घरात कचरा म्हणून काही नसतंच. भाजीच्या साली चंद्रीला, चंद्रीच्या लेंड्या वांग्यांना, जुनी लुगडी वाकळंत. टाकायला उरतंय काय?

तरी कचऱ्याचे महिन्याला पन्नास रुपये तिला सगळ्यांसारखेच पडायचे. मग एक दिवस कमिटीचे अध्यक्ष महेश्वरअण्णांना न्यायाचा उमाळा आला. "जेवढा कचरा तेवढा दर! बादलीला दहा रुपये, सुका वेगळा दिला तर फुकट. बघा लोक कसे सुधारतात!"

लोक आठवड्यात सुधारले. बादल्या रिकाम्या! फळ्यावर सगळ्यांचं अभिनंदन झळकलं. आणि फुलाबाईच्या मागच्या भिंतीशी रोज सकाळी पिशव्या दिसायला लागल्या.

"चंद्रीसाठी ठेवत्यात बग," ती मल्हारला म्हणाली. "माणसं लई मायेची हायत की."

"आई, माया असती तर बेल वाजवली असती."

पण आलेलं नाही कसं म्हणायचं? शेळीच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये म्हणून ती प्रत्येक पिशवी सोडून हातानं निवडायची. साली चंद्रीला, बाकीचं सगळं एकत्र भिंतीशी. महिनाअखेर कचरागाडीवाल्यानं मोजलं तर अठ्ठावीस बादल्या! कॉलनीत सगळ्यात जास्त कचरा कुणाचा? फुलाबाईचा. बिलासोबत नोटीसपण आली: शेळीमुळं घाण होते, रविवारपर्यंत शेळी हलवावी.

मल्हारनं वाचून दाखवलं. तिनं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. आता रडणार, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "रविवारी मिटिंग किती वाजता हाय?"

रविवारी ती आली ती एका हातात चंद्रीची दोरी आणि डोक्यावर पाटी घेऊन.

"अहो, शेळी कशाला आणली?" अण्णा ओरडले.

"तिचाच निकाल हाय न्हवं? तिनं ऐकाया नगं?" फुलाबाईनं पाटी खाली ठेवली. "मला वाचाया येत न्हाय. पर महिनाभर निवडतीया, कुटल्या घरचं काय, त्ये कळतं. ह्या करपल्या भाकरी पूनमच्या घरच्या. नवी सून हाय, शिकंल. आन् अण्णा, ह्ये पेढ्याचे खोके तुमचे. तुमच्या साखरेच्या गोळ्यांची पाकिटंबी त्याच पिशवीत व्हती."

अण्णांची बायको चंद्रव्वाकाकू ताडकन उठल्या. "अय्यो! आणि मला सांगता फिरायला जातो म्हणून!"

मग आमची पिशवी निघाली. त्यात माझ्या डब्यातल्या पोळ्या! आईला वाटायचं मी डबा चाटूनपुसून खाते. ती पिशवी मीच नेऊन टाकली होती. आईनं असं बघितलं की मी फरशीतच शिरले.

"बिल कुनाकुनाचं, त्ये तुमीच ठरवा," फुलाबाई म्हणाली. "न्हायतर अजून काढू?"

पाटीत अजून लई होतं. दोन मिनिटांत बिल रद्द, नोटीस रद्द. कमिटीच्या वहीत चंद्रीची नोंद झाली: 'ओला कचरा प्रक्रिया केंद्र'. कचरा कमी करणाऱ्याला बादलीमागं सूटही जाहीर झाली. फक्त फुलाबाईला ती मिळत नाही. तिची बादलीच भरत नाही, मग सूट कशावर देणार?

"ऱ्हाऊ द्या," ती हसली. "माजी शेळी माज्याकडं ऱ्हायली की."

काल मी साली घेऊन गेले. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं. "डबा खातीस वाटतं आता?"

तुम्हीपण जा. पुढच्या दारानं, उघडं पातेलं घेऊन, आणि बेल वाजवा. पण लवकर जा हां, चंद्री गाभण आहे. आठ-दहा दिवसांत व्यायली की फुलाबाई कुणाला तिकडं फिरकू देणार नाही.