तार करतो, लगेच या

स्वतः घरी बनवलेला बिनतारी संच मांडीवर सांभाळत तो पोलादपूरहून एसटीने आला होता. मी महाडच्या मामलेदार कचेरीतला कारकून. त्याचं नावही विचारलं नाही.

"साहेब, दरड आली की तारेचे खांब आडवे होतात. हा संच बॅटरीवर चालतो. आम्ही बिनतारीची हौस असलेली माणसं तुमचे निरोप फुकट पोचवू," तो मामलेदारांना सांगत होता. बोलताना त्याचं बोट टेबलावर तारयंत्रासारखं सारखं कटकट वाजत होतं.

साहेबांना पटलं. म्हणाले, "उत्तम. पूर आला की तुम्हाला तार करतो, लगेच या."

बोट थांबलं. तो खिडकीबाहेरच्या तारेच्या खांबाकडे बघत राहिला.

आज सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलंय, तार सकाळपासून बंद आहे आणि साहेब मला पुन्हा पुन्हा विचारताहेत, "त्या माणसाला तार केलीत का?"