दुसरीच्या बायोडेटावर

टायपिंगच्या दुकानातल्या काकूंनी कुणा मुलीचा जुना बायोडेटा उघडला आणि तिचं नाव खोडून माझं टाकलं. गाव, मार्क सगळं बदललं. छंदात मात्र तिचं 'पोहणे' तसंच राहिलं.

"काकू, मला पोहता येत नाही."

"असू दे गं, कंपनीवाल्यांना आवडतं. वडिलांचं 'गवंडी' तेवढं काढू का? बरं नाही दिसत."

"ते राहणार. घरातली पहिली पदवीधर आहे मी, त्यांच्याच जिवावर."

"त्या मुलीनंही वडिलांचं काम असंच हट्टानं ठेवलं होतं."

"लागली का ती कुठं?"

काकू प्रिंट माझ्या हातात देऊन रांगेतल्या मागच्या मुलीला म्हणाल्या, "हं, नाव सांग."

कागद अजून गरम होता आणि पडद्यावर माझं नाव एकेक अक्षर पुसलं जात होतं.